थोरली आणि धारूरकर सरांचा कान

मित्रांनो, मला हाक मारायची झाली तर ‘थोरली’ म्हणा. माझ्या अंगावर एक पितळी पाटी आहे आणि तिच्यावर माझं कागदोपत्री नाव कोरलेलं आहे, पण ते वाचायला आजवर कुणी वाकलं नाही. मी एक जुनी लेथ आहे. लेथ म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. लोखंडाचा गज माझ्या चकात, म्हणजे जबड्यात, घट्ट धरायचा आणि मोटार सुरू करायची, की मी तो गरागरा फिरवते. मग धारदार टूल पुढे सरकतं आणि बटाट्याची साल निघावी तशी लोखंडाची साल निघत जाते. शेवटी उरतो तो गुळगुळीत, मापात बसणारा तुकडा. तुमच्या घरातल्या मिक्सरपासून दारातल्या मोटारसायकलपर्यंत जे जे गोल फिरतं, त्याच्या पोटात माझ्यासारखीनं तासलेलं काहीतरी असतंच. फुशारकी वाटली असेल तर वाटू द्या. माझ्या वयाला तेवढी शोभते.

माझा जन्म पंजाबातल्या बटाल्याचा. ट्रकमधून हेलकावे खात मी इथं आले तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मी मात्र उतरले त्याच कोपऱ्यात उभी आहे. दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींना हाताचं काम शिकवणारं हे एका संस्थेचं कॉलेज, आणि त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराचं हे वर्कशॉप. माझ्यामागून आणखी लेथ आल्या, म्हणून मी थोरली झाले. पहिल्या दिवशी पोरं मला बिचकत. महिन्याभरात माझ्या बेडवर, म्हणजे लांब सपाट पाठीवर, डबे उघडून बसत आणि सर दिसले की फडक्यानं चटणीचं तेल पुसून टाकत. फुलंब्रीकडची पोरं भाकरी आणत, शहागंजातली पोरं खिचडी-कबाब आणत, आणि कोण कुणाचा डबा खातंय याचा पत्ता लागत नसे. खंडेनवमीला मला धुऊनपुसून झेंडूचा हार घालत. त्या दिवशी माझ्या चकाला कुणी हात लावायचा नाही, मी नुसतं बसून कौतुक करून घ्यायचं.

आणि माझ्यावर पोरांना शिकवणारे होते सदाशिव धारूरकर सर. ते नोकरीला लागले तेव्हा त्यांची मिशीही धड फुटली नव्हती. पांढरा शर्ट घालून वर्कशॉपात येणारा हा एकच माणूस, आणि संध्याकाळी त्या शर्टावर तेलाचा एकसुद्धा डाग नसे. नव्या पोरानं घाईनं माझ्याकडे हात नेला की ते म्हणत, “आधी कान दे, मग हात.” मग स्वतः डोळे मिटून माझ्या डोक्यावर, जिथं माझे गिअर फिरतात तिथं, तळवा टेकवून उभे राहत. टूलची धार गेली की माझा आवाज किरकिरा होतो. बेअरिंगमधलं तेल संपलं की मी कण्हते. सरांना हे सगळं फळ्याशी उभ्या उभ्या ऐकू येई आणि ते तिथूनच म्हणत, “अरे, थोरलीला तहान लागलीय. तेल दे तिला.” मित्रांनो, आपलं दुखणं न सांगता कुणाला कळावं, याहून मोठं सुख नसतं. ते सुख मी खूप वर्षं भोगलं.

प्रत्येक पोराचं माझ्यावरचं पहिलं पुरं काम ठरलेलं असे. ओळंबा. भिंत सरळ आहे का नाही ते बघायला गवंडी दोरीला जो टोकदार लोखंडी भोपळा लावतात, तो. कारखान्यात गेल्यावर कुणी ओळंबा करत नाही, पण सर म्हणत की घरी नेऊन आईला दाखवता येईल असं काहीतरी पहिलं व्हायला हवं. कितीतरी घरांत माझे ओळंबे खिळ्याला लटकत असतील. पुढे वाळूजच्या कंपन्यांत लागलेली पोरं पेढे घेऊन यायची. सरांच्या पाया पडायची आणि जाता जाता माझ्या बेडवर थाप मारायची. त्या थापेची मी वाट बघत असे.

मग माझं म्हातारपण सुरू झालं. सगळ्यात आधी गेलं ते बटण. मला थांबवायचं लाल बटण माझ्याच अंगावर, काम करणाऱ्याच्या हाताशी होतं. ते एके दिवशी दाबलं तरी दबेना. सरांनी ऑफिसात सांगितलं, पुन्हा सांगितलं, प्राचार्यांना आणून दाखवलं. “आता काँप्युटरवाली नवी मशीन येणारच आहे, सर. जुनीच्या मागं कशाला लागता?” असं उत्तर मिळालं. नवी मशीन पुष्कळ उशिरा आली. आली ती काचेच्या कपाटात बसूनच, नव्या सुनेसारखी, कुणाशी बोलणं नाही की चालणं नाही. पण माझं बटण काही बसलं नाही.

तेव्हा सरांनी एक रीत पाडली. माझा मेन स्विच भिंतीवर, फळ्याच्या शेजारी होता. माझ्यावर काम करणाऱ्यानं मोठ्यांदा म्हणायचं, “चालू!” सर म्हणणार, “हां!” आणि खटका वर करणार. काम झालं किंवा काही अडलं, की ओरडायचं, “बंद!” सर जिथं असतील तिथून दोन ढांगांत भिंतीशी जाऊन खटका खाली ओढणार. त्यांच्याशिवाय त्या खटक्याला कुणी हात लावायचा नाही, म्हणजे गोंधळ नको. म्हणजे बघा, सरांचा कान हाच माझा ब्रेक झाला. आणि तो कान इतका तयार होता की माझं बटण गेल्याचं आम्ही सगळेच विसरून गेलो.

अशात मोनिका आली. फुलंब्रीजवळच्या एका वस्तीवरची, टर्नरच्या, म्हणजे लेथकामाच्या, वर्गातली एकटी मुलगी. पहिल्या दिवशी तिचे वडील पुंजाराम तिच्यासोबत आले होते. ते माझ्याभोवती, बाजारात बैल बघावा तसे, फिरून आले आणि म्हणाले, “सर, ह्ये लोखंडाचं काम. पोरीच्या जातीला झेपंल का?”

“लेथला पोरगा-पोरगी काही कळत नाही,” सर म्हणाले. “तिला फक्त हात हलका आहे का जड, एवढं कळतं.”

मोनिकाचा हात हलका होता. तिच्या जोडीला माझ्यावर शिवम होता, दौलताबादचा. त्याचा हात जडच, पण तोंड गोड. मोनिकानं ओळंबा चकचकीत करून दाखवला तर हा म्हणे, “माझा बी तसाच हाये, फक्त जरा दुधीवानी झालाय.” सरसुद्धा हसले. त्या वर्षी वर्कशॉपात लई हसू होतं, आमच्याकडच्या बोलीत सांगायचं तर.

सरांना कमी ऐकू येतंय हे सगळ्यांत आधी मला कळलं. माझं बेअरिंग कोरडं पडलं होतं आणि मी दिवसभर कण्हत होते. सर माझ्या शेजारून गेले, परत आले, पुन्हा गेले. थांबले नाहीत. मला वाटलं, रागावले असतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. त्यांचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी स्वतः तेलाची डबी आणली, मला तेल दिलं आणि कुणाकडे न बघता फळ्याकडे गेले. उभा जन्म मशिनींच्या आवाजात गेला, मित्रांनो. ज्या आवाजानं त्यांना मोठं केलं, त्यानंच त्यांचे कान खाल्ले. त्या आवाजात माझाही वाटा मोठा.

पोरांना कळायला वेळ लागला नाही. “बंद!” म्हटलं तरी सर पाठमोरेच राहू लागले. एका दुपारी डबे खाताना विषय निघालाच.

“सरांला ऐकू येईना झालंय,” मोनिका म्हणाली. “हापिसात सांगावं का?”

“येडी का काय तू?” शिवम उसळला. “सांगितलं की ते सरांला हापिसातल्या खुर्चीवर नेऊन बसवतील. नायतर म्हणतील, घरी जा. सर वर्कशॉपबिगर ऱ्हातील का? मरून जातील.”

सत्यम नावाचा एक शांत मुलगा होता. तो म्हणाला, “मंग थोरली बंद कोन करनार?”

मग मोनिकानंच तोड काढली. फळ्यापुढच्या बाकाशी ती उभी राहणार. कुणी “बंद!” म्हणालं की तिनं हातातलं फडकं वर करायचं. सरांना ते दिसणार आणि सर खटका ओढणार. “तू सवताच ओढ की खटका,” सत्यम म्हणाला. “नाय,” मोनिका म्हणाली. “त्यो सरांचा हाये.”

आणि हे चाललं की हो! फडकं वर जाई, सर वळत, खटका खाली येई. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचा कान अजून शाबूत आहे. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हाही कुणाला काही कळलं नाही. सरांना हे कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. फडकं दिसलं की ते मोनिकाकडे क्षणभर बघत आणि नजर खाली घेत. कुणीच कुणाला काही बोललं नाही. सगळं प्रेमापोटी चाललं होतं. मीसुद्धा सुखावले होते, खोटं कशाला बोलू?

मग तो दिवस आला. मोनिका आली नव्हती. तिला बघायला वैजापूरकडून पाहुणे येणार होते आणि आशाबाईंनी, तिच्या आईनं, तिला दोन दिवस घरीच ठेवून घेतलं होतं. ती नाही म्हणजे फडकं नाही, हे सगळ्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण सवय झाली की माणूस बघायचं सोडतो. शिवम “चालू!” म्हणाला तेव्हा सरांचं तोंड त्याच्याकडेच होतं. त्यांनी ओठ वाचले, “हां” म्हणाले, खटका वर केला आणि आटे कसे पाडायचे याची आकृती काढायला फळ्याकडे वळले.

शिवमचा दांडा तासून झाला होता. त्याला तो मोनिकाच्या कामासारखा चकचकीत करायचा होता, ती आल्यावर दाखवायला. त्यानं पॉलिश पेपर घेतला. तो दोन टोकांना सैल धरायचा असतो, बोटाला गुंडाळायचा नसतो. शिवमनं गुंडाळला. कागद दांड्याला चिकटला आणि दांड्याबरोबर फिरला.

“बंद! सर, बंद!”

मी ते ऐकलं. इतर लेथवरच्या पोरांनी ऐकलं, पण खटका सरांचा, म्हणून सगळी आधी सरांकडेच बघू लागली. सर खडूनं एकेक आटा रेखत होते, सावकाश, सुरेख. शिवम पुन्हा ओरडला, पुन्हा ओरडला. मला थांबता येत नाही, मित्रांनो. मला कुणीतरी थांबवावं लागतं. सत्यम टोकाच्या मशीनवरून बाकं ओलांडत धावला आणि त्यानं खटका ओढला, तोवर शिवमच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

शेजारी सत्यमला धडपडताना बघून सर वळले. खडू हातातच होता. शिवम खाली बसलेला, एप्रनमध्ये हात गुंडाळलेला. सर त्याच्यापाशी गुडघ्यावर बसले, आपला पांढरा शर्ट काढून त्याच्या हाताला बांधला आणि सगळ्यांकडे बघत विचारू लागले, “कुणी हाक नाही मारली का रे? अरे, हाक का नाही मारलीत?”

उत्तर दिलं ते शिवमनं. वेदनेनं त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी त्यानं मान वर केली, सरांना दिसेल असं तोंड केलं आणि म्हणाला, “म्या वरडलोच नाय, सर. भ्यालो म्हून आवाजच निगाला नाय.”

चौकशी झाली, तिथंही तो हेच म्हणाला. सगळी पोरं हेच म्हणाली. मोनिका परत आली तेव्हा सत्यमनं तिला खरं काय ते सांगितलं. ती माझ्यापाशी आली, बाकावरचं फडकं उचललं आणि त्यात तोंड घालून रडली. पाहुण्यांनी तिला पसंत केलं होतं. तिनंच नकार कळवला. शिकणं मात्र तिनं पुरं केलं.

सर रीतसर निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम वर्कशॉपातच झाला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. सर उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या हातून एवढी पोरं शिकली, फक्त एकाचं नुकसान झालं. त्यानं एक हाक मारली असती तर मी धावलो असतो. ही खंत घेऊन जातोय.” मागच्या रांगेत शिवम उभा होता. सगळ्यांबरोबर त्यानंही टाळ्या वाजवल्या. त्याच्या टाळीचा आवाज वेगळा येतो. तो मला कळला, सरांना कळला नाही.

त्यानंतर टर्नरचे प्रवेश कमी होत गेले आणि माझ्यावर ताडपत्री आली. उंदरांनी माझ्या गिअरपेटीत संसार थाटला. पावसाचं पाणी पत्र्यातून माझ्या बेडवर टपकत राहिलं आणि ज्या बेडवर सर धूळ बसू देत नसत, तो गंजाला लागला. परवा परवा माझी मोटार काढून नेली, कारण ती अजून चांगली होती. भिंतीवरच्या खटक्याची तारही तोडली. शेवटी शहागंजचे एक भंगारवाले चाचा आले. त्यांनी माझ्यावर हातोडीनं टकटक केली. “लोहा अच्छा है,” ते म्हणाले. “अब ऐसा लोहा कहाँ आता?” इतक्या वर्षांत माझं कौतुक झालं ते असं.

मला न्यायच्या दिवशी सकाळी मोनिका आली. ती आता वाळूजला एका कंपनीत त्या काचेच्या कपाटवालीवर काम करते. अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता. तिच्यासोबत शिवम होता. त्याला कुठल्या कंपनीनं घेतलं नाही, तो दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळं विकतो. दोघांच्या मधे, दोघांचे हात धरून, सर होते. किती वाळले होते! पण शर्ट पांढराच होता.

चाचांच्या माणसांनी साखळदंड खाली ठेवले आणि बाजूला उभे राहिले. सर माझ्याजवळ आले. पूर्वीसारखे डोळे मिटले आणि माझ्या डोक्यावर तळवा टेकवला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“चालतेय गं अजून,” ते म्हणाले. “काय मुलायम चालतेय!”

मी तर गार पडलेली होते. माझ्यात मोटारसुद्धा नव्हती. थरथरत होता तो सरांचाच हात.

मोनिकानं शिवमकडे बघितलं. शिवमनं मान हलवली, नको सांगू. त्याचे डोळे विनवत होते. मोनिकानं बाकाजवळच्या त्या जुन्या जागेकडे बघितलं, जिथं उभी राहून ती फडकं वर करायची. मग ती सरांच्या समोर येऊन उभी राहिली, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांनी डोळे उघडल्यावर एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “नाय, सर. बंद हाये. मोटार काढून नेलीय.”

सरांनी तळवा उचलला. तो तसाच हवेत थरथरताना बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “शिवम, त्या दिवशी तू हाक मारली होतीस ना?”

शिवमनं मान खाली घातली.

“माझ्याकडे बघून बोल, बाळा. मला ओठ दिसायला हवेत.”

“व्हय, सर,” शिवम म्हणाला. “लई येळा मारली.”

सर खाली बसले, माझ्या पायाशी, गंजलेल्या लोखंडी सालींच्या ढिगावर. “मग आधीच सांगायचं नाही का रे मला? मला माहीत होतं, तरी कुणीतरी सांगायला हवं होतं. मी घरी बसलो असतो. तुझी बोटं राहिली असती.”

“तुमी वर्कशॉपबिगर कसं ऱ्हायले असते, सर?”

“राहिलो असतो,” सर म्हणाले. “आता राहतोच आहे की.”

मग शिवमनं त्यांना उठवलं. सरांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “एकदा मार ती हाक. मला दिसेल अशी.”

मोनिकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो सरांकडे बघत म्हणाला, “बंद, सर.”

सर दोन ढांगांत जाऊ शकत नव्हते आता. भिंत धरत, बाकांना हात लावत ते फळ्यापाशी गेले. खटक्याला तार नव्हती, माझ्यात जीव नव्हता. सरांनी खटका वर केला आणि मग पूर्ण ताकदीनं खाली ओढला. तिघंही रडत होती. चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि आपल्या माणसांना म्हणाले, “रुको जरा. जल्दी क्या है?”

मित्रांनो, थोड्या वेळानं मला उचलतील. मी वितळेन, कशाचं तरी काहीतरी होईन, माझी काळजी करू नका. माझं बटण बिघडलंय हे सगळ्यांना दिसत होतं आणि सरांचे कान गेलेत हे सगळ्यांना माहीत होतं. एक कुणी दुरुस्त केलं नाही आणि दुसरं कुणी बोललं नाही. तुमच्या घरातही कुणाचा कान, कुणाची नजर, कुणाचे गुडघे असेच गुपचूप साथ सोडत असतील. त्यांच्यासाठी फडकं हलवत राहू नका. त्यांच्या समोर जाऊन उभे राहा, त्यांना तुमचे ओठ दिसू द्या, आणि वेळेत सांगा.